नकल्या आणि रंगाऱ्याचं बाळ

मी एक जुना नकल्या आहे. हे काही माझे खरे नाव नव्हे. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर आकडे आणि अक्षरे यांचे लांबलचक नाव कोरलेले आहे, पण ते घेताना जीभ अडखळते, म्हणून मुलांच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत ते कुणी कधी घेतलेच नाही. मी पीसीआर यंत्र आहे. रक्ताच्या थेंबातून काढलेला डीएनए माझ्या पोटात ठेवला, की त्यातल्या हव्या त्या तुकड्याच्या मी नकला काढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि बघता बघता कोट्यवधी.

मित्रांनो, दिसायला मी अगदी साधा. वर झाकण असलेला एक चौकोनी डबा, आत चांदीसारखी चकचकीत धातूची पाटी आणि त्या पाटीत शहाण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात एक इवलीशी नळी बसते. मी उकळत्या पाण्याच्या जवळपास तापतो, तेव्हा डीएनएचे पिळलेले दोन धागे सुटे होतात. मग मी झटकन थंड होतो, तेव्हा नेमून दिलेले खुणेचे तुकडे आपापल्या जागी जाऊन चिकटतात. पुन्हा जरा तापतो, तोवर प्रत्येक धाग्याला नवा जोडीदार विणला जातो. एक फेरी झाली की लगेच दुसरी. तापायचे, निवायचे, तापायचे, निवायचे. ऐकायला कंटाळवाणे वाटेल, पण खरे सांगतो, माझ्या आयुष्यात मला कंटाळा असा आला नाही. प्रत्येक वेळी झाकण बंद झाले की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. या वेळी कुणाच्या रक्तातले काय बाहेर येणार?

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. लहान मुलाचा ताप एकदा काखेत पाहिला की भागते, माझा मात्र सगळ्या खळग्यांत बारीक तारा घालून पाहिला गेला. एक खळगा जरी थंड राहिला असता, तरी मला परत पाठवले असते. मी पास झालो, खोक्यात बसलो आणि रुग्णालयात येऊन दाखल झालो.

तिथे मला चष्मेवाली ताई भेटली. प्रयोगशाळा तिचीच. कपाळावर एक चष्मा, डोळ्यांवर दुसरा, आणि शोधायची ती तिसराच. तिने माझ्यावरचा कागद फाडला, झाकण दोनदा उघडून बंद केले आणि म्हणाली, "हा आपला नकल्या. याला एक दाखवा, हा कोटी करून देईल."

तेव्हापासून मी नकल्याच.

ताईबरोबर काम करता करता मी पुष्कळ शिकलो. शरीरातले प्रत्येक काम कसे करायचे याच्या सूचना जनुकांत लिहिलेल्या असतात, हे मला तिच्या बोलण्यातून कळले. त्या सूचना माणसामाणसात थोड्या थोड्या वेगळ्या असतात. बहुतेक फरकांनी कुणाचे काही बिघडत नाही. पण एखादे अक्षर अशा जागी बदलते, की काम मंदावते. दुसरे एखादे बदलते आणि काम साफ ठप्प होते. कधी एकाच जनुकातल्या निरनिराळ्या बदलांमुळे एक मूल जन्मल्याबरोबर आजारी पडते, तर दुसऱ्याला मोठे होईपर्यंत पत्ताही लागत नाही.

हार्मोन बनवणाऱ्या जनुकांमध्ये एक जनुक मोठा खोडकर होता. खोडकर म्हणण्यापेक्षा त्याचा शेजारी खोडकर म्हणा. त्याच्या बाजूलाच त्याचा एक जुळा राहतो. दिसायला जवळजवळ सारखाच, पण काम ना धाम. नुसता बसून असतो. खऱ्याची नक्कल काढायला जावे, तर हा मधेच तोंड घालतो. त्या जुळ्याला वगळून खऱ्यालाच नेमके चिकटतील असे खुणेचे तुकडे ताईने निवडले. नकला जेलीच्या वडीत सोडून खास दिव्याखाली धरल्या, की चमकत्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ज्या दिवशी तिने तसे पाहिले आणि जुळ्याचा मागमूसही दिसला नाही, त्या दिवशी तिने माझ्या झाकणावर ताल धरला. "चोर सोडून संन्याशाला फाशी आपल्याकडे होणार नाही," ती म्हणाली. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

आणि मग ते बाळ आले.

एका सकाळी हार्मोनच्या डॉक्टर मॅडम स्वतः रक्ताच्या नळ्या घेऊन प्रयोगशाळेत आल्या. एरवी नळ्या आणायला शिपाई येत असे. मॅडम आल्या म्हणजे काहीतरी खास.

"ताई, या तीन नळ्या. बाळ, आई आणि बाबा. तिघांचा तोच जनुक बघायचाय."

"जुळ्याशेजारचा?"

"तोच. बाळाच्या रक्तात अर्धवट बनलेलं हार्मोन साचलंय, आकडा आभाळाला टेकलाय. औषध सुरू केलं. पण नेमका बदल कुठे आहे ते मला हवंय."

दोघी बोलत होत्या, त्यातून मला सगळी हकीकत कळली. बाळाचे बाबा रंगारी होते, घरांच्या भिंती रंगवायचे. आई बालवाडीत शिकवायची. बाळ जन्मले तेव्हा छान होते. मग ते दूध ओकू लागले, दिवसागणिक सुकू लागले आणि एक दिवस डोळेही उघडेना. रुग्णालयात आणले तेव्हा त्याच्या रक्तातले मीठ पार उतरले होते. मॅडमनी वेळ न घालवता सुईतून हार्मोन दिले, सलाईन लावले, आणि बाळ परत माणसांत आले.

पण त्याच्या आधीचे एक बाळ या घरातून असेच गेले होते. कुणाला काही कळायच्या आतच.

माझे टेबल दाराजवळ होते आणि दाराबाहेरच बाक होता. त्या बाकावर रंगाऱ्याची आई, म्हणजे बाळाची आजी, बसली होती. शेजारच्या बाईला ती सांगत होती, "पहिलंही असंच ओकून ओकून गेलं. हिचं दूधच लागत नाही बाळांना. काय करणार, नशीब."

बाळाची आई तिथेच उभी होती. नुसती ओढणीच्या टोकाला पीळ देत राहिली.

मॅडम दोघा आईबाबांना आत घेऊन आल्या. बाबांच्या नखांत पांढरा रंग अडकला होता. त्यांनी विचारले, "मॅडम, नेमकं झालंय काय त्याला? मला कळेल असं सांगा."

"भिंत रंगवायची तर आधी काय करता?"

"आधी घासायची. मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग."

"आणि पुट्टी लावणारा माणूस कामावर आलाच नाही तर?"

"तर पुट्टीची पोती साचून राहणार. भिंत तशीच कोरी."

"बाळाच्या अंगात तेच झालंय. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या टप्प्याटप्प्यानं हार्मोन बनवतात. मधल्या एका टप्प्याचा कामगार कामावर येत नाही. आधीचा माल रक्तात साचलाय आणि पुढची दोन हार्मोन पुरेशी तयारच होत नाहीत. एक अंगात मीठ धरून ठेवतं. दुसरं आजारपणात बळ देतं."

"मग तो कामगार का येत नाही?"

"त्याला घडवायची सूचना जनुकात लिहिलेली असते. त्यात कुठे चूक आहे ते ताई शोधतील."

ताई तोवर कामाला लागली होती. हातातली नळी दाखवत ती म्हणाली, "हे बघा, मीपण आधी प्रायमरच घालते." खुणेच्या त्या तुकड्यांना प्रयोगशाळेत प्रायमर म्हणतात.

"तुमच्याकडेही प्रायमर लागतो?" रंगाऱ्याने डोळे मोठे केले. "किती कोट?"

त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसले. बाळाची आईसुद्धा हसली, पण लगेच गंभीर होऊन तिने विचारले, "औषध किती दिवस द्यायचं?"

"रोज. न चुकता. ही स्टेरॉइडची गोळी कुटून द्यायची आणि सांगितलं तेवढं मीठ द्यायचं."

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "जिममधल्या माझ्या मित्रानं असल्याच गोळ्या खाऊन स्वतःची वाट लावून घेतली, मॅडम. तान्ह्या बाळाला स्टेरॉइड?"

"त्यानं गरज नसताना शरीरात भर घातली. इथे बाळाच्या अंगात जे बनतच नाही, ते आपण भरून काढतोय. यात जमीनअस्मानाचा फरक आहे."

त्याने मान डोलावली खरी, पण ती पटल्याची मान नव्हती. मी इतकी माणसे पाहिली आहेत की तेवढे मला कळते.

त्याच दिवशी तीन नळ्या माझ्या खळग्यांत बसल्या. झाकण बंद झाले. मी तापलो, निवलो, पुन्हा तापलो. माझा पंखा घोंघावत होता आणि माझ्या मनात एकच ध्यास होता, की यातली एकही नक्कल चुकता कामा नये. शेवटची फेरी संपली तेव्हा ताई तिन्ही नळ्या घेऊन दिव्याकडे धावली. तिघांच्याही पट्ट्या ठसठशीत आल्या होत्या. "वा रे नकल्या," ती म्हणाली. पण अक्षरे वाचायचे काम माझे नव्हते. ते पलीकडच्या खोलीतल्या वाचक यंत्राचे. त्याच्याकडे कामाची रांग लागलेली असे. वाट पाहणे आले.

बाळ बरे होऊन घरी गेले. गालांवर बाळसे चढले. सगळे कसे सुरळीत चालले आहे असे मी समजत होतो.

निकाल आला त्या दुपारी ताई कागदावरून बोट फिरवत होती आणि तिचे डोळे चमकत होते. "सापडलं," ती स्वतःशीच म्हणाली. "दोन्ही सापडले." ती मॅडमना फोन लावणार, इतक्यात बाहेर पळापळ झाली. मी दारातून पाहिले. रंगारी धावत येत होता. अंगावर कामाचेच कपडे, हातावर निळ्या रंगाचे ओघळ आणि खांद्यावर बाळ. बाळाची मान कापडाच्या बाहुलीसारखी लोंबत होती. मागून बाळाची आई आणि आजी धापा टाकत आल्या.

मॅडम समोरून आल्या. चालता चालताच त्यांनी विचारले, "ताप कधीपासून? शेवटची गोळी कधी दिली?"

रंगाऱ्याने बाळाला आणखी घट्ट धरले.

"यांनी बंद केल्या," बाळाची आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "बाळ गुटगुटीत झालंय, आता कशाला हे विष, म्हणाले. मी सांगत होते. माझं कुणी ऐकलं नाही."

मॅडमनी रागवायला वेळ घालवला नाही. तिथल्या तिथे बाळाला इंजेक्शन दिले आणि त्याला उचलून वॉर्डात नेले. दार बंद झाले.

मित्रांनो, ती दुपार मी विसरलेलो नाही. ताई निकालाचा कागद हातात धरून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिली. तिने दुसरे काम हातात घेतले नाही. बाकावर आजी डोळे मिटून ओठ हलवत होती. रंगारी भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या हातावरचा रंग भिंतीला लागला तरी त्याला भान नव्हते. काहीही ऐकू येत नव्हते, आणि ते काहीही ऐकू न येणेच सगळ्यांना खात होते.

मग आतून एक बारीक कुरकुर आली. ती वाढली. आणि वाढता वाढता तिचे असे सणसणीत रडणे झाले, की शिपाई हातातला ट्रे ठेवून धावत आला. ताईने चष्मा काढून पुसला. रंगारी खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बाळाच्या आईबाबांना प्रयोगशाळेत बोलावले. आजी आधी दारातच थांबली होती. मॅडम म्हणाल्या, "आजी, तुम्हीपण या. हे तुमच्या घरचंच आहे."

त्यांनी कागद टेबलावर पसरला. "प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. बाळाला आईकडून जी मिळाली, तिच्यातली काही अक्षरं गळालीत. बाबांकडून जी मिळाली, तिच्यात एकच अक्षर बदललंय, पण नेमकं अशा जागी की पुढची सगळी सूचना बिघडते. दोन्ही प्रती निकामी. म्हणून कामगार येत नाही."

"बाबांकडून?" आजी पुढे सरकली. "माझ्या मुलाकडून? त्याला तर कधी काही झालं नाही."

"त्याची दुसरी प्रत चांगली आहे. एका चांगल्या प्रतीवर काम भागतं. सूनबाईंचंही तसंच. दोघं ठणठणीत. पण दर बाळाच्या वेळी चारात एक शक्यता असते, की दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत येईल."

"मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही. कुणी निवडून दिलेलं नाही हे."

रंगारी खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे ही गोळी जन्मभर?"

"जन्मभर. ताप आला तर डोस वाढवायचा, कसा ते मी शिकवते. पण बंद कधीही करायची नाही."

"मला वाटलं, मी त्याला वाचवतोय," तो म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हलकेच म्हटले, "तेही मला कळतं."

आजी त्या कागदाकडे बघत होती, जणू त्यात कुणाचा चेहरा दिसत होता. मग ती म्हणाली, "या माझ्या लेकाच्या आधी माझी दोन बाळं गेली. दोन्ही मुलगे. असेच ओकायचे, असेच सुकले. माझ्या सासूनं गावभर सांगितलं, हिच्या दुधात विष आहे. याच्या वेळी तर मला दूधच पाजू देईनात. चोरून पाजलं मी याला."

रंगाऱ्याने मान वर केली. हे त्याने कधी ऐकले नव्हते.

आजीने साडीचा पदर खोचला आणि दंड पुढे केला. "माझंही रक्त घ्या. मला बघायचंय."

काय सांगू, त्या दिवशी माझ्या पोटात एकच नळी होती, पण मी शहाण्णव नळ्यांच्या जोमाने तापलो. इतकी वर्षे या बाईने जे ओझे वाहिले, त्याचे उत्तर माझ्या एका खळग्यात फिरत होते. या वेळी ताईने वाचक यंत्राच्या रांगेत सगळ्यांची विनवणी करून आपला नंबर पुढे काढला.

निकाल आला. रंगाऱ्यात जे अक्षर बदललेले होते, तेच आजीच्याही एका प्रतीत बदललेले होते.

आजी हातावर हात ठेवून ऐकत होती. "म्हणजे ती दोन बाळंही यानंच गेली?"

"ते खात्रीनं नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं रक्त आज आपल्याकडे नाही आणि आजोबाही राहिले नाहीत. बहुतेक हेच असावं, एवढंच म्हणते. पण एक नक्की सांगते. तुमच्या दुधात काही नव्हतं."

"नव्हतं?"

"कधीच नव्हतं."

आजी उठून बाहेर गेली. बाळाची आई बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आजी तिच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये पिशवी होती, ती तिने उचलून पलीकडे ठेवली.

"मला जे ऐकवलं, तेच मी तुला ऐकवलं गं," ती म्हणाली. "मला तर ठाऊक होतं ते कसं लागतं. तरी ऐकवलं."

मला वाटले, सून आता उठून जाईल. जायला तिला हक्क होता. ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मग तिने पिशवीतून छोटा खलबत्ता काढला आणि आजीच्या हातात दिला. "आई, याच्या गोळीची वेळ झाली. अगदी बारीक कुटा. जाड राहिली की थुंकतो."

आजीने खलबत्ता असा धरला, जणू सोन्याचा आहे. इतकी बारीक कुटली, इतकी बारीक, की सून शेवटी म्हणाली, "पुरे आई, वाऱ्यानं उडून जाईल."

ते बाळ पुढे वाढले. तपासणीला यायचे, सुई पाहिली की सगळा मजला डोक्यावर घ्यायचे, आणि परत जाताना माझ्या ताईला टाटा करायचे. अंगात जे बनत नव्हते ते रोज बाहेरून मिळत होते, म्हणून ते धावत होते, पडत होते, भांडत होते, बाकीच्या मुलांसारखेच.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या जागी एक नवे यंत्र आले, ते एका दमात शेकडो जनुक हाताळते. मला त्याचा हेवा वाटत नाही. मला एका महाविद्यालयात पाठवले आहे. तिथे नवे विद्यार्थी माझ्यावर हात साफ करतात. कधी नळ्या उलट्या ठेवतात, कधी झाकण नीट लावायचे विसरतात, आणि पहिली पट्टी उमटली की असे नाचतात की टेबल हलते. त्यांच्याबरोबर मीही हलतो.

सुट्टीत मात्र माझ्या पंख्यावर धूळ बसते आणि जीव गुदमरतो. तेवढी फुंकर घालत जा. यंत्र बोलत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे समजू नका. तान्ही बाळेही बोलत नाहीत. तुमच्या घरात कधी एखादे बाळ सुकू लागले, तर हे कुणामुळे झाले म्हणून आईकडे बोट दाखवत बसू नका. आधी त्याला उचला आणि डॉक्टरकडे पळा.